दगडाच्या वखारीला मला कशाला नेलंत?

मामा,

तुम्ही गेल्यापासून घरी भेटायला येणारा जवळपास प्रत्येक माणूस एकच गोष्ट सांगतोय, की तुम्ही त्याला कधीतरी बसमध्ये पकडलं होतं. कुणी मोठ्या झालेल्या पोराला अर्ध्या तिकिटावर नेत होतं, कुणी आपला थांबा मागं टाकून तसंच पुढं दामटून बसलं होतं. आणि हे कौतुकानं सांगतात हो! जणू तुम्ही त्यांचा सत्कार केला होता. परवा एक म्हातारे गृहस्थ आले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "यांच्यासमोर तिकीट खिशात असलं तरी माणूस खिसा चाचपायचा." मामींनाही हसू आलं.

खोटं नाही ते. नोकरीत तुम्ही चेकर होतात आणि रिटायर झाल्यावरही चेकरच राहिलात. दूधवाल्याचं माप, रिक्षावाल्याचा रस्ता, डॉक्टरांनी दिलेली गोळी, सगळ्यांकडं मान जरा तिरकी करून बघायचात. मी मनीषाला बघायला तुमच्या घरी आलो तेव्हा तुमची नजर माझ्या काळ्या पडलेल्या बोटांवर होती. मी सांगितलं, जळकोटला मोटार भरायचं दुकान आहे, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींना नवीन तार गुंडाळून देतो. त्यावर होणाऱ्या जावयाला तुमचा पहिला प्रश्न होता, "तांब्याची तार कुठनं आणता?"

चोरीची नव्हती, मामा. पावतीची होती. तुमचा विश्वास बसला की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला तुम्ही बसमध्ये कधी पकडलं नाही. पकडलंत ते डोंगरात. ते सगळं अजून माझ्या मनात ताजं आहे आणि काही गोष्टींवरचा माझा राग गेलेला नाही. माणूस गेल्यावर राग सोडून द्यायचा असतो म्हणतात. मला तो सोडवत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय.

मनीषा गेली आणि तुमच्या-माझ्यातला बोलणारा माणूस गेला. तोवर तुमचं म्हणणं मला तिच्याकडून कळायचं आणि माझं तुम्हाला. आपण समोरासमोर बसलो तर पावसाचं नाहीतर लाईट गेल्याचं बोलायचो. ती गेली तेव्हा आमची रेणू नुकती शाळेत जायला लागली होती. शाळा तुळजापुरात, तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मी दिवसभर जळकोटला दुकानात. म्हणून ती तुमच्याकडं राहायला लागली आणि शनिवारी मी तिला न्यायला लागलो. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं. पण होता होता तिचे सगळे कपडे तुमच्या कपाटात गेले. तिला ताप आला तर मला संध्याकाळी कळायचं, उतरल्यावर. पालकसभेला तुम्ही जाऊन आलात की मग मला सांगायचात. मला वाटायला लागलं, हे माझी पोरगी हळूहळू आपल्या नावावर करून घ्यायलेत.

आणि तुम्हाला माझ्याबद्दल काय वाटत होतं, ते मला रेणूकडून कळलं. दसऱ्यानंतरचा एक शनिवार होता. मोटारसायकलवर माझ्या पाठीला गाल टेकवून ती म्हणाली, "नाना विचारत होते, पप्पा फोनवर कुणाशी बोलतात?"

"मग तू काय सांगितलंस?"

"गिरणीवाल्या काकूंशी."

जळकोटला कल्पनाची पिठाची गिरणी आहे. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला तेव्हा ती माहेरी परत आली, आणि भावाच्या संसारात ओशाळं राहायचं नाही म्हणून गिरणी टाकली. गिरणीची मोटार जळाली, ती माझ्याकडं भरायला आली. मोटार दुरुस्त झाली, बोलणं चालू राहिलं. आमच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि चारचौघांत सांगावं असंही अजून काही ठरलं नव्हतं.

त्यानंतर पुढचा-मागचा एखादा आठवडा असेल. जळकोटच्या स्टँडवर मी तुम्हाला पाहिलं. खांद्याला पिशवी, डोक्याला मफलर. तुम्हीही मला पाहिलंत आणि तोंड फिरवून वेळापत्रकाचा फळा वाचायला लागलात. ज्या माणसाला या भागातल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, तो फळा वाचतोय! जळकोटला माझ्याशिवाय तुमचं कुणी नाही. आणि तुम्ही माझ्याकडं न येता परत चालला होतात. मी हाक मारली नाही. बस आली, तुम्ही गेलात. मी दुकानात येऊन बसलो ते दिवसभर एकाही मोटारीत लक्ष लागलं नाही.

मग तुमचा फोन.

"पाव्हणं, रविवारी दुकान बंदच असतंय न्हवं?"

"हो. का?"

"एक गंमत दाखवतो. घाट उतरला की डोंगराच्या पायथ्याला दगडाची वखार हाय. जन्मभर बसच्या खिडकीतनं बघितली, कधी गेलो न्हाय. थोडंच चालायचंय."

"रेणूला आणू का?"

"नको. आपण दोघंच."

इतक्या वर्षांत 'आपण दोघंच' असं तुम्ही एकदाही म्हणाला नव्हतात. लग्न झालं त्या दिवसापासून मला तुम्ही 'पाव्हणं'च म्हणत आलात. घरातलं माणूस झालोच नाही कधी. आणि गंमत? तुम्ही कुणाला गंमत दाखवल्याचं ऐकिवात नव्हतं. मी कल्पनाला फोनवर सांगितलं. ती प्रत्येक गोष्टीला आधी 'पण' म्हणणारी बाई. ती लगेच म्हणाली, "जा की. बरं वाटेल त्यांना." एवढ्या पटकन कशी म्हणाली, हेही मला खटकलं.

थंडीचे दिवस होते. सकाळी तुळजापुरातून निघालो. तुम्ही मागं बसलात, मांडीवर कापडी पिशवी. मी हँडलला अडकवतो म्हटलं तर "ऱ्हाऊ द्या, माझ्याजवळच बरीय." घाटात तुमचा हात माझ्या खांद्यावर आला. याच रस्त्यानं मनीषाला सोलापूरला नेलं होतं, आणि याच रस्त्यानं परत आणलं.  त्या वळणांवर तुमचा हात जरा घट्ट झाला. मला वाटलं, आता काढतील विषय. नाही काढलात.

तामलवाडीच्या अलीकडं डांबरी सोडून आत शिरलो. ज्वारीच्या रानाच्या कडेला गाडी लावली. पुढं पायवाट होती आणि पायवाटेच्या तोंडाला एक बाई उभी होती. डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात पाखरं हाकायची गोफण.

"कुठं निघालाव?" तिनं विचारलं.

"वर. दगड बघायला," तुम्ही म्हणालात.

"दगडं?" तिनं तुमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग गाडीकडं. "पवनचक्कीवालं हाव का?"

"न्हाय वो."

"मागल्या बारीबी दोघंच आलते. आमी फिराय आलाव म्हणले. मग आठ दिसानं जीप घिऊन आले आन रानात खुट्या ठोकल्या. पिशवीत काय हाय?"

मामा, त्या वेळचा तुमचा चेहरा मी विसरणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या पिशव्या उघडायला लावणारा माणूस, आणि एक बाई त्याची पिशवी उघडायला सांगतेय. तुम्ही निमूट उघडलीत. पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी. तिनं बोटानं गाठोडी बाजूला सारली.

"माणसं दोन आन भाकर तिघांची? तिसरं कोण हाय?"

"येणार व्हतं," तुम्ही म्हणालात. "आलं न्हाय."

तिनं वाट सोडली.  तिसरं कोण? मला वाटलं, माझा मेहुणा. पुण्याहून त्याला बोलावलंय, दोघं मिळून मला माणसं नसलेल्या जागी धरणार आणि रेणूचा निकाल लावणार. घरी नको, तिथं मामी रडतील आणि पोरगी ऐकेल. म्हणून डोंगर.

तुम्ही मला पुढं घातलंत आणि मागून चालायला लागलात, बसमध्ये मागच्या दारानं चढून पुढं सरकायचात तसे. पाठीवर नजर आहे हे मला कळत होतं. वाट तशी सोपी होती. तरवड, घाणेरी, वाळून पिवळं पडलेलं कुसळीचं गवत. मधेच मोठाले गोल धोंडे लागले, कांद्यासारखे. पापुद्र्यावर पापुद्रा सुटलेला, हातानं ओढला की खपली निघायची. मी एका धोंड्यापाशी थांबलो आणि वळून पाहिलं तर तुम्ही बरेच मागं, एका पायावर उभे, हातात बूट.

"काय झालं?"

"खडा गेलाय."

तुम्ही बूट झटकलात. त्यातून काही पडलं नाही. पुढच्या चढाला परत तेच, आणि त्याच्या पुढं परत. खडा काही दिसेना. मला वाटलं, तुम्ही वेळ काढताय. त्या तिसऱ्या माणसाची वाट बघताय. म्हणून मीही दर वेळी खालच्या रस्त्याकडं पाहायचो, कुणाची गाडी येतेय का.

कुणी आलं नाही. एक ओघळ ओलांडला, आणि समोर ती वखार.

खरंच वखार, मामा. नाव ठेवणाऱ्यानं बरोबर ठेवलं होतं. डोंगराच्या कापलेल्या अंगात दगडाचे खांब एकाला एक चिकटून उभे होते, मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे. आणि खाली त्यातलेच पडलेले खांब एकावर एक रचल्यागत आडवे, कापून आणलेली लाकडं विकायला मांडावीत तसे. माणसाच्या कमरेएवढे जाड, कडा सरळ, अंगावर शेवाळाचे वाळलेले ठिपके. ऊन तिरपं होतं, त्यामुळं प्रत्येक खांबाची एक बाजू उजळ आणि एक काळी दिसत होती. मी क्षणभर सगळं विसरलो. मेहुणाही विसरलो.

तुम्ही मात्र मान तिरकी केलीत.

"हे माणसाचं काम हाय."

"नाही मामा. लाव्हा थंड होताना तडकतो. तळं आटलं की तळाचा चिखल कसा भेगाळतो, तसंच. फक्त भेगा खालपर्यंत जातात, म्हणून खांब होतात."

"चिखलाचे तुकडे येडेवाकडे असतेत. ही धार बघा. रंधा मारल्यागत. कुणाला तरी मोठं देऊळ बांधायचं असंल. माल येऊन पडला आन ठेकेदार पळाला."

"आणि हे वरचे? डोंगराच्या पोटात उभे कुणी रोवले?"

"तेच तर म्हणतो मी. कायतरी लपवलंय."

आणि तुम्ही कोपरे मोजायला लागलात! दर खांबाच्या डोक्यावर बोट फिरवत. "सहा. हाबी सहा. सहा." ओळीनं एकेकापुढं वाकत होतात. गाडीत सीटांमधून जाताना असेच वाकत असणार. मी एका आडव्या खांबावर बसून बघत राहिलो. मग तुम्ही ओरडलात, "सापडला! पाव्हणं, इकडं या. हा बघा. पाचच!"

मी मोजले. पाचच होते.

"म्हटलं न्हवतं? सगळेच्या सगळे सरळ कसे असतील? एकतरी विनातिकीट असणारच." आणि तुम्ही हसलात. गुडघ्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मनीषा गेल्यापासून मी तुम्हाला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि मीही हसलो. त्या जागेचं, त्या सकाळचं मी काही देणं लागत असेन तर त्या हसण्यासाठी. तेवढ्यासाठी तुमच्याबरोबर परत एकदा तो चढ चढलो असतो.

मग तुम्ही सपाट दगड बघून भाकरी सोडल्यात. एक माझ्यापुढं, एक स्वतःपुढं. शेंगदाण्याची चटणी, कांदा. तिसरं गाठोडं न सोडता बाजूला ठेवलंत.

मला राहवेना. "मामा, हे कुणाचं?"

"कल्पनाबाईंचं."

घास माझ्या हातातच राहिला.

"तुम्हाला नाव कसं माहीत?"

"दळण घेऊन जातो की मी त्यांच्याकडं."

"तुळजापुरातनं जळकोटला दळण?"

"मग काय करू? तुम्ही सांगत न्हवता. लेकराला तरी किती विचारायचं?"

"म्हणजे तुम्ही माझ्यावर पाळत ठेवलीत."

"ठेवली." तुम्ही शांतपणे कांदा फोडलात.

मी उठून उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. मी काय चोर आहे का, असं म्हणालो. माझ्या जागी तुमचा पोरगा असता तर त्यालाही असाच मागं लागून तपासला असतात का, असं काहीतरी. रेणूला माझ्याविरुद्ध प्रश्न विचारता, हे बोललो. "मला सरळ विचारायचं होतं!"

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं?"

"सांगितलं असतं."

"न्हाय. तुम्ही म्हणला असता, तसं काय न्हाय मामा." तुम्ही माझ्याकडं न बघता बोलत होतात. "मी गाडीत चढलो की आधी कुणालाच काय विचारत न्हाय. आधी बघतो. विचारलं की माणूस सावध होतंय."

"मग काय बघितलंत?"

"बाई काट्यात मारत न्हाय. एका म्हातारीनं पीठ कमी भरलं म्हणून कुरकुर केली, तर गिऱ्हाइकांची रांग थांबवून परत वजन करून दावलं. आन कुणाचंबी लेकरू असू दे, पट्ट्याजवळ येऊ देत न्हाय. हात धरून भाईर काढते." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. "मग मी कोण ते सांगितलं. म्हटलं, चला, तिघं डोंगराला जाऊ, बसून बोलू. तर म्हणाली, मी डोंगरात चोरून भेटायला येणार न्हाय. यायचं असंल तर तुमच्या दारानं येईन."

म्हणजे तिलाही सगळं माहीत होतं. एकटा मीच तेवढा अंधारात. तुमच्या दोघांच्या मध्ये मला कुणीतरी उचलून ठेवल्यासारखं वाटलं.

"मग आता काय म्हणणं आहे तुमचं?"

"करा लग्न."

मी बसलो. तुम्ही एक लहान दगड उचललात आणि शेजारच्या खांबावर हलकेच मारलात. लोखंडासारखा आवाज आला. परत मारलात.

"पण रेणूला आमच्यापासून तोडू नका, पाव्हणं. नवं घर झालं की जुन्या घराकडं जाणं हळूहळू कमी होतंय. कुणी मुद्दाम करत न्हाय. आमच्याकडं मनीषाचं तेवढंच ऱ्हायलंय."

 मला कळत होतं, मामा. पण मला दुसरंही दिसत होतं. दळण, डोंगर, चटणी-भाकरी, 'करा लग्न', हे सगळं एका वाक्यासाठी रचत आणलं होतंत. आणि माझ्या मनात आलं, हा सौदा आहे. बायको घ्या, पोरगी आमच्याकडं ठेवा. मी तसं विचारलंही.

"सौदाच समजा," तुम्ही म्हणालात.

"बघू."

"बघू म्हणजे न्हाय."

"बघू म्हणजे बघू."

एवढंच. त्यावर आपण दोघांनी भाकरी संपवली. खांब माणसानं केले की लाव्ह्यानं, यावरही मग कुणी बोललं नाही.

उतरताना तुम्ही पुढं होतात आणि बुटात एकदाही खडा गेला नाही. खाली ती बाई तशीच उभी होती. तुम्ही तिसरं गाठोडं तिच्यापुढं धरलंत. तिनं घेतलं, हुंगलं, एक तुकडा मोडून आधी कुत्र्याला टाकला. कुत्र्यानं खाल्लं. त्याच्याकडं थोडा वेळ बघितलं आणि मग ती बांधावर टेकून स्वतः खायला बसली.

"दिसली का दगडं?"

"दिसली."

"आता कागद घिऊन येशाल."

"न्हाय बाई. मोजून आलो, बास."

"तेबी मोजूनच गेलते," ती म्हणाली. पण भाकरी खात होती.

त्या दिवशी मी कल्पनाशी कडाकडा भांडलो. मला का सांगितलं नाहीस? तर म्हणाली, त्यांनी शब्द घेतला होता. आणखी काय बोलले ते? तर म्हणाली, "ते त्यांचं-माझं. तुम्हाला सांगणार नाही." पिठानं भरलेले हात झटकले आणि आत गेली. आजपर्यंत तिनं सांगितलेलं नाही. मला संशय आहे की तुम्ही माझ्याबद्दल काहीतरी वाईट सांगून ठेवलंय. किंवा चांगलं. तुमच्या बाबतीत दोन्ही धरून चालावं लागतं.

पुढं दर शनिवारी मी यायचो. रेणूला प्रश्न विचारणं तुम्ही बंद केलं होतंत. मला मात्र दारातच मान तिरकी करून बघायचात, काही ठरलं का म्हणून. मी काही बोलायचो नाही. मला रेणूला विचारायचं होतं, तेही असं की तिला आपण निवड करतोय असं वाटू नये. मला कल्पनाला विचारायचं होतं, तिच्या मनात काय आहे, पोरगी शनिवार-रविवारपुरतीच घरात असलेली तिला चालेल का. आणि मला स्वतःला विचारायचं होतं, की मला काय हवंय. यात मी उशीर केला असं कुणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. बापाला विचार करायचा हक्क असतो. तुम्ही थांबला नाहीत, मामा.

सकाळी आंघोळीचं पाणी काढलं होतं म्हणतात. टॉवेल खांद्यावर टाकून तुम्ही पायरीवर बसलात, ते बसलेलेच. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा माझ्या पुढ्यात अर्धी तार भरलेली मोटार होती. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं असणार. मामी म्हणाल्या, कितीतरी महिने जिन्यात थांबायचे आणि म्हणायचे, चपलेत काहीतरी टोचतंय. मग मला त्या चढावरचा रिकामा बूट कळला. तुम्ही कुणाची वाट बघत नव्हतात. तुम्हाला दम लागत होता आणि तो मला दिसू द्यायचा नव्हता. सगळ्यांची पिशवी उघडणारा माणूस स्वतःची अशी बंद ठेवून गेला. याचाही मला राग आहे.

कल्पना आली ती दुपारी, भरल्या घरात, पुढच्या दारानं. बायका बोलायच्या थांबल्या. ती सरळ मामींपुढं जाऊन बसली.

"कोण गं?" मामींनी विचारलं.

"जळकोटची. गिरणी आहे माझी."

मामी तिच्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे ते दळायला तुझ्याकडं येत व्हते?"

"हो."

"आन म्या म्हणत व्हते, ह्या वयात हे माणूस दळणाची पिशवी घिऊन, मफलर बांधून जळकोटला जातंय कुणाकडं! दोनदा मफलर हुंगून बघितला म्या."

कल्पनाला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाला लावला. मामीही हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांना असं रडू फुटलं की कल्पनानं त्यांना धरून आत नेलं. स्वयंपाकघराचं दार लोटलं गेलं. बऱ्याच वेळानं दोघी बाहेर आल्या. दोघींचे डोळे लाल. तुम्ही जे कल्पनाला सांगितलं होतंत, ते आता मामींनाही माहीत आहे. मला मात्र दोघीही सांगत नाहीत.

काल तेरावं झालं. पाहुणे पांगले. मेहुणा पुण्याला गेला. तो चांगला वागला, मामा, मी त्याच्याबद्दल उगाच काहीबाही धरून बसलो होतो. रेणू ओसरीवर झोपली होती. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. या दिवसांत शेजारणी डबे आणत होत्या, मामी उठत नव्हत्या, कुणी पुढ्यात ठेवलं तर दोन घास खायच्या. त्यांनी मला तुमच्यासारखं फिरवून विचारलं नाही.

"विलास, रेणूचं काय करायचं?"

पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली. मी रेणूकडं पाहिलं. तिला मी आदल्या दिवशी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "काकू चालतील. पण मी आजीला एकटं ठेवणार नाही." मला तिला निवड करायला लावायची नव्हती, पण तिनं केली. कुणाला न दुखवता, माझ्यापेक्षा लवकर.

"इथंच राहील, मामी. शाळा इथंच. शनिवारी आम्ही येत जाऊ, तिला घेऊन जाऊ. कधी तुम्हीही चला."

"आम्ही म्हंजे?"

"कल्पना आणि मी."

 मला वाटलं, फार लवकर बोललो. तेरावं आजच झालंय, आणि मी लगेच लग्नाचं काढतोय. तुमच्या फोटोकडं बघायचं धाडस होईना. जे तुम्हाला त्या दगडांपाशी सांगायचं होतं ते मी त्यांना सांगितलं होतं, आणि तेही सौदा म्हणून नाही. पण ते त्यांना कसं कळावं?

मग मामींनी भिंतीला हात लावला आणि कुणाचा आधार न घेता उठल्या.

"साखर संपलीय का बघते," त्या म्हणाल्या. "शनिवारी चहाला लागंल."